मडफ्लॅपचा रंग, पत्र्याचा पोचा : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्यात मला पॉलिशबद्दल पत्रं येतात. जून लागला की चिखल, गंज आणि मडफ्लॅप. या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं मडफ्लॅपचीच होती, म्हणून सुरुवात तिथूनच करते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी सुरू केलेलं डेंटिंग-पेंटिंगचं काम आता मी पाहते. रंग जुळवणं हे माझं स्वतःचं काम. पत्रा ठोकण्याचं काम आमचे जुने मिस्त्री करतात, आणि त्यांच्या हाताखाली मी बरंच काही शिकले आहे.

ताई, माझी पांढरी डिझायर आहे. अॅक्सेसरीच्या दुकानातून चार कडक प्लास्टिकचे काळे मडफ्लॅप घेतले. गाडीच्या रंगाचा स्प्रे कॅन आणून घरीच रंगवले. चार दिवस सुरेख दिसले. आता रंग सालपटासारखा निघतोय, नखानं ओढला तर अख्खा तुकडा हातात येतो. रंग खोटा निघाला की माझं काही चुकलं? — एक वाचक, इचलकरंजी

रंग बहुधा खरा आहे. तो कशावर बसला, तिथं अडचण आहे.

निघालेला एक तुकडा हातात घ्या आणि त्याची मागची बाजू बघा. ती गुळगुळीत, चकचकीत असेल आणि खालचं काळं प्लास्टिक अगदी स्वच्छ दिसत असेल, तर रंगानं प्लास्टिकला कधी धरलंच नव्हतं. प्राइमर प्लास्टिकवर राहिला आणि फक्त पांढरा रंग सुटला असेल, तर दोन थरांमधला वेळ चुकला. तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतो.

आता फ्लॅप काढा आणि आतल्या बाजूला बघा. साच्यातच उठवलेली बारीक रोमन अक्षरं दिसतील. पीपी, पीपी अधिक ईपीडीएम, टीपीओ किंवा एबीएस यांपैकी काहीतरी असेल. एबीएस असेल तर तुम्ही सुटलात, त्यावर साधा प्लास्टिक प्राइमरसुद्धा चांगला बसतो. पहिल्या तिन्हींत पॉलिप्रॉपिलीन असतं, आणि त्याच्या पृष्ठभागावर काहीच पसरत नाही. अळवावरच्या पाण्यासारखं सगळं गोळा होऊन घरंगळतं. रंगही तसाच वरच्या वर सुकतो, एक पापुद्रा तयार होतो आणि पहिला खडा लागला की तिथून सुटायला लागतो.

अक्षरं नसतील तर काही जण आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाकायला सांगतात. तरंगला तर पीपी. ही परीक्षा निम्मीच खरी आहे. तरंगला तर पीपी हे बरोबर, पण बुडाला म्हणजे पीपी नाही असं म्हणता येत नाही, कारण टाल्क मिसळलेलं पीपी पाण्यापेक्षा जड होतं. खात्री नसेल तर पीपी आहे असंच धरून चाला. जास्तीची तयारी एबीएसला बाधत नाही.

पुन्हा रंगवायचे असतील तर जुना रंग पूर्ण काढा. पेंट रिमूव्हर किंवा कडक थिनर लावू नका, प्लास्टिक मऊ पडतं, एबीएस तर विरघळतं. सुटतो तेवढा रंग चिकटपट्टीनं ओढून काढा, उरलेला पाण्याच्या कागदानं, म्हणजे ओला करून वापरायच्या सँडपेपरनं, घासून काढा. मग गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि करड्या रंगाचा स्कॉचब्राइट घेऊन प्रत्येक फ्लॅप घासा. नव्या प्लास्टिकवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या द्रवाचा अंश असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. धुतल्यावर फ्लॅप उभा धरून पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं उतरलं तर पुढे जा. थेंब-थेंब होऊन फाटलं तर पुन्हा घासा. आमच्या शॉपमध्ये नवीन मुलगा आला की पहिल्यांदा त्याला एवढंच करायला लावते, गन नंतर हातात देते.

वाळल्यावर ग्रीस-वॅक्स रिमूव्हर. यासाठी दोन फडकी लागतात. एकानं ओलं पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्यानं टिपायचं. एकाच फडक्यानं पुसत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होतं, फ्लॅपवरून जात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे अॅडहेजन प्रमोटर, रंगाला प्लास्टिक धरायला लावणारा थर. रंगाच्या दुकानात 'पीपी प्राइमर' म्हणून मागितलात तरी मिळेल. बहुतेक वेळा तो पारदर्शक असतो, त्यामुळे मारल्यासारखा वाटत नाही आणि माणूस जास्त मारतो. एकच पातळ हात द्या. डब्यावर पुढचा थर किती वेळात मारायचा ते लिहिलेलं असतं. ती वेळ टळली तर त्याचा उपयोग जातो, म्हणून चहाला नंतर जा. त्यावर रंगाचे दोन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे ओली चमक जाऊन रंग मंद दिसेपर्यंत. मग क्लिअरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चकचकीत थराचे दोन हात. क्लिअर हार्डनर (तो कडक करणारं द्रव) असलेला हवा, आणि म्हणूनच तो पेंटरकडून मारून घ्या, कारण शेवटच्या उत्तरात आहे. त्याला क्लिअरमध्ये लवचीकपणासाठी फ्लेक्स अॅडिटिव्ह घालायला सांगा. ते न घालता मारलेला क्लिअर पत्र्यावर टिकतो, पण वाकणाऱ्या फ्लॅपवर त्याला केसासारख्या चिरा पडतात.

रंग मागताना नुसतं 'पांढरा' म्हणू नका. गाडीवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड वाचा. मारुतीचा साधा सुपीरिअर व्हाइट असेल तर कोड २६यू. मोत्याची झाक असलेला पांढरा वेगळा असतो आणि तो घरच्या कॅननं जुळत नाही.

फ्लॅप आडवे ठेवून सावलीत सुकवा. कडक उन्हात उभे टांगले तर पीपी वाकतं आणि मग स्क्रूची भोकं जुळत नाहीत. एक दिवस तरी बसवू नका, आणि आठवडाभर प्रेशरच्या पाण्यापासून लांब ठेवा.

दोन गोष्टी माझ्या मनातल्या. फ्लॅपवर दाणेदार नक्षी असेल तर ती रंगातूनही दिसत राहते. ती पुट्टीनं बुजवायच्या नादी लागू नका, गुळगुळीत फ्लॅपच विकत घ्या. आणि चाकाकडची बाजू कधीही रंगवू नका. तिथं टायरमधून खडा सुटून थेट आदळतो, जगातला कोणताही रंग तिथं टिकणार नाही. तुम्ही इचलकरंजीचे, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून चिखलखडीतून जाता. माझं मत विचाराल तर अशा गाडीला काळे फ्लॅप काळेच शोभतात. ते मार खाण्यासाठीच आहेत. त्यांनी मार खाल्ला म्हणून दाराची खालची कड आणि सिल, म्हणजे दारांखालचा पत्र्याचा पोकळ पट्टा, वाचते, आणि तिथला कंपनीचा रंग तुमच्या चारही फ्लॅपपेक्षा मोलाचा आहे.

आमचा दुधाचा टेम्पो आहे. मागच्या रबरी फ्लॅपवर 'जोतिबाच्या नावानं चांगभलं' असं पेंटरकडून लिहून घेतलं. पंधरा दिवसांत अक्षरं तडकली. टिकाऊ रंग कोणता? — एक वाचक, कराड

रबरावर टिकेल असा ब्रशचा ऑइलपेंट नाही. तो वाळून कडक होतो आणि रबर दिवसभर हलतं. शिवाय उन्हानं तडकू नये म्हणून रबरात मेणासारखा पदार्थ घातलेला असतो. तो हळूहळू वर येत राहतो आणि रंगाला खालून ढकलतो. म्हणून जुन्या फ्लॅपवर राखाडी पांढुरकी साय दिसते.

टिकाऊ हवं असेल तर पातळ पांढऱ्या रबराच्या शीटमधून अक्षरं कापून घ्या. फ्लॅप खरखरीत कागदानं घासा, पुसा, दोन्हींना सिंथेटिक रबर अॅडहेसिव्ह लावा, बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्या आणि मग दाबून बसवा. मोठ्या अक्षरांच्या कोपऱ्यांना वॉशर घालून रिव्हेट मारा.

पण नाव तिथं नको, असं मला मनापासून वाटतं. जोतिबाच्या डोंगरावरून आणलेला गुलाल आपण कपाळाला लावतो. देवाचं नाव चाकाच्या चिखलात कशाला? कॅबिनच्या कपाळावर लिहा, तिथं पत्रा आहे, तिथं आमच्याकडचे अक्षरं काढणारे पेंटर असं काही लिहितात की वर्षानुवर्षं ते तसंच राहतं. फ्लॅपवर गावाचं नाव घाला. आणि फ्लॅप बदलताना मागे लाल, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी जागेवर आहे ना, तेही बघून घ्या. पहाटे दुधाला निघता तुम्ही. मागून येणाऱ्याला त्या वेळी अक्षरं नाही, पट्टी दिसते.

फ्लॅप बसवताना मेकॅनिकनं चाकाच्या कमानीला ड्रिलनं भोकं पाडली. आता दोन्ही मागच्या कमानींना त्याच जागी रंग फुगलाय. २०२१ च्या पुरात गाडी सिलपर्यंत पाण्यात होती. एक पेंटर म्हणतो घासून टच-अप करू, दुसरा म्हणतो कापावं लागेल. — एक वाचक, चिपळूण

न बघता सांगते, दुसऱ्याचं ऐका. निदान तो आत बघणार आहे.

कारखान्यात पूर्ण बॉडी प्राइमरच्या टाकीत बुडवतात, विजेच्या साहाय्यानं तो थर कानाकोपऱ्यात बसतो. नंतर पाडलेल्या भोकाच्या कडेला यातलं काही नसतं, नागडं पोलाद असतं. त्यात लोखंडी स्क्रू, फ्लॅपमागे अडकलेला ओला चिखल आणि तुमची खाडीची हवा. फुगा वरून दिसतो तेव्हा गंज आतून बाहेर आलेला असतो. वरून घासून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात तो तिथंच पुन्हा फुगतो, फक्त थोडा मोठा होऊन.

काम असं व्हायला हवं. फ्लॅप आणि कमानीतलं प्लास्टिकचं लायनर दोन्ही काढायचं. फुग्याच्या चारही बाजूंनी चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासत जायचं. पत्रा शाबूत असेल आणि फक्त खड्डे उरले असतील तर तिथं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं द्रव, चालतो. टोचलेला स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आत गेला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा सीओटू वेल्डिंगनं जोडायचा. गॅसनं नको, पत्रा तापून वेडावाकडा होतो आणि आजूबाजूचा रंगही जळतो. भोकावर फायबरची जाळी चिकटवून वर पुट्टी थापणारे पुष्कळ आहेत. ते झाकण आहे, दुरुस्ती नाही.

जोडल्यावर आतून आणि बाहेरून दोन्हीकडे इपॉक्सी प्राइमर, सांध्यावर सीलर, कमानीच्या आत खडे झेलणारा रबरी कोट आणि मग रंग. शेवटी सिलच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स. सिलला रबरी बुचं असतात, त्यातून लांब नळीनं तो आत सोडतात. पण त्याआधी पुराचा गाळ! तुमच्या गाडीच्या सिलमध्ये तो अजून असणार याची मला जवळजवळ खात्री आहे. २०१९ च्या पुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या गाड्या आमच्याकडे आल्या तेव्हा बुच काढल्यावर वाळलेली माती बाहेर पडायची. तो गाळ पाणी धरून ठेवतो, उन्हाळ्यातही. बुचं काढून कमी दाबाच्या पाण्यानं धुऊन काढा, पूर्ण वाळवा, मग वॅक्स. गालिचा उचलून खालचा पत्राही बघा. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती प्लास्टिकच्या केबल टायनं मोकळी करा, तारेनं नको, तार रंग ओरबाडते.

अंडरबॉडी कोटिंगवाले मध्येच येऊन सांगतील, आम्ही काळा कोट मारतो, गंज थांबेल. गंजावर मारलेल्या कोटाखाली ओल कोंडते आणि पत्रा तुम्हाला न दिसता संपतो. गंज आधी, कोट नंतर.

भर पावसात हे काम करू नका. आत्ता फक्त फ्लॅप काढून टाका, जागा धुऊन वाळवा आणि तात्पुरता झिंक प्राइमर लावा. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की नीट करून घ्या. तेव्हा नवे फ्लॅप घ्याल ते गाडीच्या मूळ भोकांत नायलॉनच्या क्लिपनं बसणारे घ्या. स्क्रू लागलेच तर स्टेनलेसचे.

माझ्या चंदेरी गाडीचा एकच दरवाजा रंगवला. गॅरेजमध्ये तंतोतंत जुळला होता. घरी उन्हात उभी केली तर दरवाजा वेगळा दिसतो, आणि बाजूला सरकून बघितलं की फरक उलटा होतो. कोड बरोबर आहे. पेंटर म्हणतो महिन्यात बसेल. — एक वाचक, पुणे

तो बसणार नाही. साधा पांढरा किंवा लाल रंग काळानुसार थोडा जवळ येतो असं म्हणायला जागा आहे, मेटॅलिकला नाही.

चंदेरी रंगात अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. समोरून उजेड पडला की ते आरशासारखे चमकतात, तिरकस बघितलं की काळपट दिसतात. गन लांब धरली, हवेचा दाब जास्त ठेवला आणि कोरडा रंग मारला की पापुद्रे वरच्या वर सपाट बसतात, दरवाजा समोरून उजळ दिसतो. रंग ओला मारला की ते आत बुडतात, वाकडेतिकडे होतात, दरवाजा गडद होतो. डबा तोच, कोड तोच, हात वेगळा. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड२एस, पण त्या एका कोडखाली रंग कंपन्यांच्या पट्ट्यांमध्ये मला एकाहून जास्त छटा दिसतात, कारण वेगवेगळ्या काळात गाड्या वेगवेगळ्या निघाल्या. वर तुमच्या गाडीचं ऊन खाल्लेलं आयुष्य वेगळं.

म्हणून मेटॅलिकचा एकच दरवाजा रंगवायचा म्हणजे रंग दरवाजावर पूर्ण, आणि पुढच्या मडगार्डवर व मागच्या दरवाजावर हळूहळू विरत नेलेला. त्याला आम्ही ब्लेंड म्हणतो. त्या शेजारच्या दोन्ही भागांना क्लिअर मात्र पूर्ण मारायचा, कडेपासून कडेपर्यंत. अर्ध्यात सोडलेल्या क्लिअरची कड वर्षभरात उघडी पडते. या कामाला जास्त पैसे लागतात आणि ते आधी सांगितले पाहिजेत. तुमच्या पेंटरनं सांगितले नसतील तर आता तेच करून द्यायला सांगा. फक्त दरवाजा पुन्हा मारून घेऊ नका, तिसरी छटा तयार होईल.

मी स्वतः गाडीला हात लावायच्या आधी पत्र्याच्या पट्टीवर रंग मारते, त्यावर क्लिअर मारते, वाळवते आणि ती पट्टी बाहेर नेऊन गाडीला लावून बघते. क्लिअरशिवाय बघण्यात अर्थ नाही, तो चढल्यावर रंग गडद होतो. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग सूर्याखाली फुटतात, हे तुमच्याच बाबतीत झालं आहे. सकाळच्या उजेडात, आधी समोरून, मग चालत चालत तिरकस. पुढच्या वेळी पेंटरकडे ती पट्टी मागा. ज्याच्याकडे पट्टी आहे तो जुळवणारा आहे.

बंपरबद्दल एक सांगून ठेवते. चंदेरी गाडीचा बंपर आणि मडगार्ड यांत बारीक फरक नव्या गाडीतही दिसू शकतो, कारण प्लास्टिकचे भाग वेगळे रंगवले जातात. त्यासाठी पेंटरशी भांडू नका.

मागच्या दरवाजाला खुर्चीएवढा पोचा आहे. तीन गॅरेजनी ३,५००, ६,००० आणि ११,००० सांगितले. फरक कशाचा? चांगलं काम ओळखायचं कसं? — एक वाचक, नाशिक

फरक वेळेचा आहे, आणि तो वेळ सगळा रंगाच्या आधी जातो. ३,५०० मध्ये पोचा बाहेर काढायला कोणालाच परवडत नाही, म्हणून तो भरला जातो.

पहिलं म्हणजे रंग फाटलाय का ते बघा. फाटला नसेल, पत्र्याला धारदार वळी पडली नसेल, तर मागून दांड्यांनी दाबत न रंगवता पोचा काढणारे कारागीर असतात. तेच आधी दाखवा. कंपनीचा रंग टिकला याहून मोठा फायदा नाही.

रंग फाटला असेल तर आतलं पॅड काढून मागून डॉली (जड लोखंडी ठोकळा) धरून हातोडीनं, किंवा पुढून वॉशर वेल्ड करून खेचून, पत्रा मूळ जागेच्या दोन-तीन मिलिमीटर आत आणायचा. तेवढंच पुट्टीचं काम. पुट्टी ही शेवटची समतल करायला असते, पोचा भरायला नाही. जाड पुट्टी आकसते, उन्हात पत्र्याबरोबर ताणली जात नाही, आणि दरवाजा रोज आपटून बंद होतो तेव्हा तिला खालून तडा जातो. पुट्टीत हार्डनरही मापात लागतो. घाईतला माणूस लवकर वाळावी म्हणून जास्त घालतो, आणि मग काही आठवड्यांनी पांढऱ्या रंगातून पिवळट-गुलाबी डाग वर येतात. तो डाग पॉलिशनं जात नाही.

पुट्टी कोरडीच घासायला सांगा. ती पाणी शोषते आणि ते पाणी रंगाखाली कोंडून नंतर फोड येतात. पाण्याचा कागद सर्फेसरवर, म्हणजे पुट्टीनंतर रंगाखाली मारतात त्या प्राइमरवर, आधी नाही. घासताना हातात ब्लॉक हवा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे पन्हाळे पडतात, ते चमक आल्यावरच दिसतात.

म्हणून तिघांनाही एकच विचारा, "पुट्टी भरायच्या आधी मी बघायला येऊ का?" हो म्हणेल त्याच्याकडे जा, मग तो ६,००० वाला असो की ११,००० वाला. आणि खरंच जा. उघडा पत्रा बघा, त्यावर हात फिरवा, फोटो काढा. दुसरी फेरी सर्फेसर झाल्यावर मारा. त्या वेळी तळहाताखाली पातळ फडकं धरून हात फिरवलात तर डोळ्यांना न दिसणारी लाट हाताला लागते. पोचा अजून आहे की नाही हे रंग चढायच्या आधी कळलं तर तासाभराचं काम, नंतर कळलं तर सगळं पहिल्यापासून.

हँडल, काचेचं बीडिंग, मोल्डिंग काढून रंगवणार की टेप लावून? हेही विचारा. टेपच्या कडेला रंगाची पायरी राहते आणि प्रेशर वॉशर तिथूनच रंग उचलतो. क्लिअर आणि हार्डनर एकाच कंपनीचे आहेत का तेही बघा, डबे समोर मागायला लाजू नका. चांगल्या पेंटरला डबे दाखवायला आवडतं.

गाडी न्यायला संध्याकाळी जाऊ नका. दिवसा जा, गाडी धुतलेली आणि कोरडी हवी. दरवाजात विजेच्या तारेचं किंवा इमारतीच्या कडेचं प्रतिबिंब बघा. ती रेषा सरळ गेली तर पत्रा सरळ. मध्येच पोटात गेली तर पुट्टी नीट घासली नाही. रबरावर आणि चाकावर रंगाचा धुरळा नसावा. जुनी गाडी विकत घेतानाही हे उपयोगी आहे, आणि त्यासाठी मऊ कापडात गुंडाळलेलं पातळ चुंबक खिशात ठेवा. जिथं ते धरत नाही तिथं पुट्टीचा थर आहे. रंगाची जाडी मोजणारं मायक्रोनचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रोनच्या आसपास भरतो. दुप्पट आला तर वरून रंग झालाय, हजारापुढे गेला तर खाली पुट्टी आहे.

नव्या रंगाला महिनाभर वॅक्स लावू नका. आतलं थिनर अजून उडत असतं.

इन्शुरन्समध्ये पेंटिंगचं बिल पूर्ण का मिळत नाही? मडफ्लॅपचं तर निम्मंच मिळालं. — एक वाचक, नागपूर

साध्या पॅकेज पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, गाडी कालची असली तरी. पेंटिंगमध्ये मजुरी पूर्ण मिळते, रंगसाहित्याच्या खर्चावर ५० टक्के कापतात. बिलात दोन्ही एकत्र लिहिलं असेल तर एकूण रकमेच्या २५ टक्के साहित्य धरतात. म्हणजे १२,००० च्या एकत्र बिलात साहित्य ३,०००, त्यातले १,५०० तुमच्या खिशातून. वर सक्तीचा वजावटीचा भाग, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरच्या गाडीला २,०००. झिरो डेप घेतलं असेल तर घसारा कापत नाहीत, वजावट मात्र राहते.

लहान पोच्यासाठी क्लेम करायच्या आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढत जातो आणि एका क्लेमनं शून्यावर येतो. ४,००० च्या कामासाठी ५० टक्क्यांचा बोनस घालवलेली माणसं मी बघितली आहेत.

माझे यजमान गॅलरीत बसून मडफ्लॅप आणि बंपरचे कोपरे स्प्रेनं रंगवतात. तोंडाला रुमाल बांधतात. घरात दमेकरी सासरे आणि लहान मूल आहे. वास सोडला तर यात धोका आहे का? — एक वाचक, ठाणे

आहे. आणि तो वासात नाही, म्हणून जास्त आहे.

हार्डनर असलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं. बुडाचं बटण दाबून मग हलवायचे जे दोन भागांचे कॅन येतात, त्यातही तेच. त्याच्या बारीक तुषारांनी दमा होतो, आणि एकदा शरीरानं त्याची अॅलर्जी धरली की पुढे अगदी थोड्यानंही श्वास कोंडतो. आमच्या धंद्यात जुन्या पेंटरना हे झालेलं आहे, काहींना हातातलं काम सोडावं लागलं. रुमाल किंवा कापडी मास्क वाफ अडवत नाही. कोळशाच्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो, दाढी असेल तर तोही बसत नाही. आम्ही बूथमध्ये बाहेरून हवा येणारा मास्क वापरतो.

गॅलरीत हे काम पूर्ण बंद करा. प्राइमर आणि रंगापर्यंतची तयारी त्यांना मोकळ्या मैदानात करू दे. धुणं, घासणं, पुसणं हे तर निर्धास्त घरी करता येतं, आणि खरं कौशल्य त्यातच लागतं. क्लिअर मात्र जवळच्या पेंटरकडे न्या. घासून तयार केलेले चार फ्लॅप दुसऱ्या गाडीच्या कामाबरोबर मारायला तो फार पैसे घेणार नाही. उरलेला हार्डनरचा डबा घरात ठेवू नका, पेंटरलाच देऊन टाका. आणि आजच्या आज सासऱ्यांची खोली गॅलरीपासून लांबची करा, तिथल्या पडद्यांवर धुरळा बसला असेल तर पडदे धुवायला काढा.